थंडीतले पाहुणे पक्षी: कोल्हापुरात नेमके कुठं बघायचे?

करवीरची_लेक
दिवाळी झाली की आमच्या घरी दरवर्षी एकच टूम निघते, भिगवणला जाऊया. उजनीच्या पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) बघायचे, होडीतून फिरायचं, मासे खायचे आणि रात्री परत. जागा चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या जिल्ह्यात राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी अशी धरणं आहेत, शहराला लागून रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव आहेत आणि पन्हाळ्यामागं मसाई पठार पसरलंय, तिथल्या माणसानं बदक बघायला दोन-दोन जिल्हे ओलांडावेत हे मला पटत नाही. आधी आपलं तर बघू!

प्रश्न असा. भाचा पाचवीत आहे. नोव्हेंबरात शाळेत पक्षी सप्ताह झाला (५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा, म्हणून तो आठवडा) आणि तेव्हापासून पोरगं उठता-बसता पक्ष्यांचंच बोलतंय. बरोबर आई असेल. गुडघ्यांमुळे तिला चढ-उतार जमत नाही. एका रविवारची सकाळ हाताशी आहे. धरणावर जावं की तलावावर? डिसेंबर बरा की फेब्रुवारी? दुर्बीण घ्यायची तर कुठली? जाणकारांनी सांगावं.

रंकाळाफेरी
रंकाळ्यावर या की. लांब कशाला जाताय? सकाळी शहराच्या बाजूनं उभं राहायचं, सूर्य पाठीशी राहतो, रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी उलटं, शालिनी पॅलेसकडं जायचं. वारकरी (काळे पाणपक्षी), टिबुकल्या, हळदी-कुंकू बदकं, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, सगळं काठावरून दिसतं. आईंना बसायला कट्टा आहे. परतताना गंगावेशीत धारोष्ण दूध पाजा पोराला, म्हणजे पुढच्या रविवारी तोच तुम्हाला उठवेल.

गगनबावडा_रोड
रंकाळा फिरायला उत्तम. पण पोराला खरे पक्षी दाखवायचे असतील तर राधानगरीशिवाय पर्याय नाही. ३५१ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं. लक्ष्मी तलावाची, म्हणजे राधानगरी धरणाची भिंत, ते सात स्वयंचलित दरवाजे, शाहू महाराजांची दूरदृष्टी, सगळं एका फेरीत दाखवून होतं. एवढं पाणी म्हटल्यावर पक्षी असणारच.

पुणेकर_झालेला_कोल्हापुरी
राधानगरीला +१. जाताना मिसळ, येताना तांबडा-पांढरा. पक्षी मधल्या वेळेत.

पाणथळ
गगनबावडा_रोड, राधानगरीच्या जंगलाबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. राखी धनेश, शीळकरी कस्तूर, स्वर्गीय नर्तक बघायचे तर तिथंच. पण ताईंनी विचारलंय ते थंडीत येणाऱ्या पाणपक्ष्यांबद्दल, आणि "एवढं पाणी म्हटल्यावर पक्षी असणारच" इथं गाडी अडते.

आपली पश्चिमेकडची धरणं डोंगराच्या कुशीत बांधलेली. काठ उभे, पाणी काठापासूनच खोल. उन्हाळी आवर्तनं (शेतीसाठीचं पाणी) सुटायची असतात, त्यामुळं डिसेंबरातही साठा बराच असतो. आता बदकं खातात कशी ते बघा. थापट्या, चक्रांग, तलवार बदक, भुवई बदक ही सगळी उथळ पाण्यातली मंडळी. डोकं पाण्यात घालून शेपूट आभाळाकडं करतात. मान पोचेल तेवढ्या खोलीतलंच त्यांना मिळतं. चार पुरुष खोल पाण्यावर ती विसाव्याला बसतील, पोटासाठी त्यांना दुसरीकडं जावं लागतं. बुडी मारणाऱ्यांचं वेगळं. वारकरी, शेंडी बदक, लालसरी यांना खोली चालते. आणि तुतवार, शेकाटे, पाणटिवळे यांना तर घोटाभर पाणी आणि मऊ गाळ लागतो. गाळात चोच खुपसून अळ्या, किडे, गोगलगाई काढायच्या हा त्यांचा दिवसभराचा उद्योग.

म्हणून मी नेहमी सांगतो की तलाव निवडताना पाणी बघू नका, काठ बघा. काठ पसरट आहे का, चिखल आहे का, गवत-पाणकणीस आहे का, गुरं उतरतात का. गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या चिखलात धोबी पक्षी, तुतवार हटकून असतात. एखादा साधा पाझर तलाव या हिशोबात मोठ्या धरणाला मागं टाकतो. कळंब्याचंच घ्या. बांधाच्या बाजूला खोल पाणी, तिथं बहुतेक वारकरी आणि पाणकावळे. कात्यायनीच्या डोंगराकडून ओढे येऊन मिळतात ते वरचं टोक उथळ, गाळ साठलेलं. बदकं तिथं.

धरणावर जायचंच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, आणि भिंतीकडं न जाता फुगवट्याच्या, म्हणजे मागं पसरलेल्या पाण्याच्या शेवटाला जा. पाणी उतरल्यावर तिथं गाळाचे पट्टे उघडे पडतात. नदी सुरय, टिटव्या, उशिरा परतणारे तुतवार तिथं मिळतात.

महिन्याचं उत्तरही यातच आहे. नोव्हेंबरात तलाव काठोकाठ असतात, पक्षी पांगलेले. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर बदकांसाठी चांगलं. फेब्रुवारीत पाणी उतरून चिखल उघडा पडला की चिखलातल्या पक्ष्यांचा हंगाम.

गगनबावडा_रोड
हे पटलं सर. भिंतीवर उभं राहून फक्त पाणकावळे दिसायचे त्याचं कारण आत्ता कळलं. फुगवट्याकडं जाऊन बघतो.

नाद_खुळा
पाणथळ सर, विषय एकदम खोल! कळंब्याच्या वरच्या टोकाचं मी पण सांगणार होतो. गेल्या जानेवारीत तिथं थापट्यांचा खेळ बघितला, तो लिहितोच.

सकाळी आठच्या सुमारास आठ-दहा थापटे एकमेकांच्या शेपटीमागं गोल फिरत होते. प्रत्येकाची ती उलथन्यासारखी चपटी चोच पाण्यावर टेकलेली, मान ताठ, पाय खाली जोरात चाललेले. त्या फिरण्यानं तळातलं सगळं वर ढवळून येतं. पुढच्यानं ढवळायचं, मागच्यानं गाळून घ्यायचं. चोचीच्या कडेला बारीक दात्यांची रांग असते. पाणी बाजूनं बाहेर, बारीक किडे आणि बिया आत. लेन्समधून ती दात्यांची रांग स्पष्ट दिसत होती. नराचं डोकं उन्हात हिरवं, सावलीत काळं. मधेच एखादा थांबतो, पंख झाडतो, पुन्हा चक्रात शिरतो. अर्धा-पाऊण तास चाललं होतं. पोराला हे दाखवा, लई भारी वाटेल त्याला.

माळावरची_मैना
वा! हे वर्णन वाचून रविवारचा बेत ठरला. नाद_खुळा, फोटो असेल तर टाका ना.

रंकाळाफेरी
काठाचं वाचून मन खट्टू झालं. रंकाळ्याच्या बऱ्याच काठाला आता दगड-काँक्रीट आहे. फिरायला छान, दिवे लागलेत, रात्री उशिरापर्यंत लोक असतात. सरांच्या हिशोबानं तिथं चिखलातला पक्षी येणारच नाही, खरं ना? पूर्वी शेकाटे दिसायचे ते आता फारसे दिसत नाहीत.

पाणथळ
खरं आहे. उभी भिंत आणि खोल पाणी असेल तर शेकाट्यानं पाय कुठं टेकायचे? पण सगळा रंकाळा गेला असं म्हणू नका. ज्या बाजूला अजून गवत आणि पाणकणीस उभं आहे तिथं जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, ढोकरी, खंड्या सगळे आहेत. सुशोभीकरण करताना काठाचा एखादा पट्टा कच्चा ठेवला, तिथं दिवे लावले नाहीत, तरी फार मोठं काम होईल. फेरीला येणाऱ्या माणसालाही तोच पट्टा आवडेल.

जुनी_पेठ
पाणकणीस ठेवा म्हणताय, मग केंदाळही (जलपर्णी) ठेवायचं का? आम्ही केंदाळ काढायला श्रमदान केलंय. अख्खा तलाव हिरवागार होऊन जायचा, पाण्याला वास मारायचा. कमळपक्षी दिसतात म्हणून ते वाढू द्यावं, हे काही पक्षीप्रेमींचं बोलणं मला अजिबात मान्य नाही.

माळावरची_मैना
पण जुनी_पेठ, कमळपक्षी आणि पाणकोंबड्या केंदाळावरच तर चालतात. काढलं की ते जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पाणथळ
दोघांचंही बरोबर आहे, पण केंदाळ आणि पाणकणीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंदाळ दक्षिण अमेरिकेतून आलेलं. सांडपाण्यातलं खत मिळालं की बेसुमार पसरतं. पाणी पूर्ण झाकलं की खाली उजेड नाही, प्राणवायू नाही, मासळी मरते. बदकांना उतरायला मोकळं पाणीच उरत नाही. ते काढायलाच हवं, श्रमदान करणाऱ्यांना माझा नमस्कार. पाणकणीस, लव्हाळा, कमळ, शिंगाडा हे काठाला धरून राहतात. त्यात पाणकोंबड्या घरटी करतात, त्यात बेडूक-मासे वाढतात.

यंत्र लावून सरसकट काठ खरवडला की केंदाळाबरोबर हेही जातं, आणि केंदाळ दोन महिन्यांत परत येतं कारण सांडपाणी तसंच असतं. म्हणजे गेलं ते उपयोगाचं आणि राहिलं ते नको असलेलं. काढायचं तर पावसाळ्यातले विणीचे महिने टाळून, आणि काठाची पाणवनस्पती सोडून.

जुनी_पेठ
ठीक. काठ सोडून काढायचं हे आमच्या मंडळात सांगतो. पोरं ऐकतील, फक्त ओळखायचं कसं ते कुणीतरी येऊन दाखवा.

पाणथळ
मी येतो. श्रमदानाची तारीख कळवा.

ऊसपट्टा
आम्ही शिरोळकडचे. तुम्ही सगळे तळ्याभोवतीच फिरताय म्हणून लिहितो. थंडीत पक्षी बघायचे तर गळीत हंगामात शिवारात या.

ऊसतोड सुरू झाली की तोडणाऱ्या टोळीच्या मागं गायबगळे लागतात. उसाच्या बुडख्यातले किडे, बेडूक, उंदराची पिल्लं, सगळं उघडं पडतं. काळे शराटी सुद्धा येतात. कोतवाल तर शेंड्यावर बसून वाटच बघतात. पाचट पेटवलं की घारी गोळा होतात, धुरातून पळणारं जे मिळेल ते उचलतात. पाचट पेटवू नये हे मला माहीत आहे, मी स्वतः कुजवतो, जमिनीला खत होतं. पण शेजारी अजून पेटवतात.

आणि शाळू (रब्बी ज्वारी). आमच्या आजोबांच्या वेळी शाळू हुरड्यात आला की भोरड्या (गुलाबी मैना) हाकायला पहाटे मचाणावर गोफण घेऊन बसायला लागायचं. आता शाळू कमी, ऊसच ऊस. पण भोरड्या अजून येतात. सांजेला नदीकाठच्या झाडांवर उतरायच्या आधी आभाळात त्यांचा जो घोळका फिरतो, इकडून तिकडं एकदम वळतो, ते बघायला पैसे पडत नाहीत. या भोरड्यांनी आमचं पीक खाल्लं हे खरं, पण नाकतोडेही त्याच खातात.

सातारकर_मी
ऊसपट्टा, झकास. भोरड्या मध्य आशियाकडून येतात, तिथं त्यांची वीण नाकतोड्यांच्या जिवावरच चालते. आपल्याकडं ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत असतात. फेब्रुवारीत काटेसावर, पळस फुलला की त्या झाडांवर बघा, गुलाबी अंग आणि काळं डोकं, फुलांतला रस पितात.

धाग्यात एक भर. ज्यांना भिगवण लांब वाटतं त्यांनी आमच्या मायणीला या. सातारा जिल्ह्यात, तलाव जुना, आणि आता संवर्धन राखीव आहे.

पुणेकर_झालेला_कोल्हापुरी
सातारकरांनी अखेर आपला तलाव पुढं केलाच! दोन जिल्हे ओलांडायचे नव्हते ना करवीरच्या लेकीला?

करवीरची_लेक
एक ओलांडीन, सातारकरांनी हुरडा दिला तर.

सातारकर_मी
हुरडा आणि शेंगाची चटणी, शब्द दिला.

माळावरची_मैना
पट्टकदंब (बार-हेडेड गूज) कुठं दिसतील? हिमालय ओलांडून येतात म्हणून मुलीला दाखवायचेत.

पाणथळ
मंगोलिया-तिबेटकडून येतात. उपग्रह-यंत्र लावलेल्या पट्टकदंबांची उडताना सात हजार मीटरच्या वर नोंद झाली आहे. आपल्याकडं मात्र त्यांची खात्री देता येत नाही, एखाद्या वर्षी थवा उतरतो, एखाद्या वर्षी नाही. त्यांची सवय लक्षात ठेवा. रात्री आणि पहाटे शेतात, गवतात चरतात, दुपारी पाण्याच्या मध्यभागी किंवा उघड्या काठावर झोपतात. डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून सहज ओळखू येतात. हमखास बघायचे तर मात्र उजनी किंवा मायणीकडंच जा. मुलीला वाट बघायला लावून रिकाम्या हातानं परत आणू नका.

सडा_आणि_वारा
सगळे पाण्यात अडकलेत. वर पठारावर कोण बघणार?

मी पन्हाळ्याच्या बाजूचा. मसाई पठार लोकांना पावसाळ्यातल्या फुलांसाठी माहीत आहे, नाहीतर पन्हाळा-विशाळगड मोहिमेत त्यावरून चालत जातात. थंडीत तिकडं चिटपाखरू नसतं असं लोकांना वाटतं. डिसेंबरात गवत सोनेरी होतं, जांभा तापायला लागतो, वारा सणसणतो, आणि त्या गवतावरून भोवत्या फिरतो.

भोवत्या एकदा बघितला की परत कुठल्या शिकारी पक्ष्याशी गल्लत होत नाही. घार वर गिरक्या घेते. भोवत्या गवतापासून हातभर उंचीवर, पंख किंचित वर उचललेले, डावी-उजवीकडं झुकत, सावकाश. मान खाली. गवतात काही हललं की जागच्या जागी वळतो आणि पाय पुढं करून खाली पडतो. नर राखाडी-पांढरा, पंखांची टोकं काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. माँटेगूचा आणि पांढुरका असे दोन्ही आपल्या पठारांवर येतात, रशिया-कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतून. दिवस मावळायला लागला की चार दिशांनी येतात आणि गवतातच, जमिनीवर, मुक्कामाला उतरतात. झाडावर बसत नाहीत.

त्याशिवाय मलबारी चंडोल, तिरचिमण्या, गप्पीदास. खरुची वाऱ्यात एका जागी पंख फडफडवत थांबलेली असते. आता पठाराला संवर्धन राखीवचा दर्जा आहे. गाडी पठारापर्यंत जाते, पण गवतात घालू नका. लोक चाकं फिरवून फोटो काढतात, ते चंडोलाच्या अंगणावरून गाडी नेण्यातलं आहे.

वणव्याबद्दलही लिहायचंय. जानेवारी-फेब्रुवारीत कुणीतरी काडी लावतं आणि रात्रभर सडा (पठार) जळतो. जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याचं काय होत असेल? नाकतोड्यांची अंडी जळतात, म्हणजे पुढच्या वर्षीचं त्यांचं अन्नही जळतं.

वाडीवरचा
दादा, आम्ही पठाराखालच्या वाडीतले. नुसतं "कुणीतरी काडी लावतं" म्हणू नका, त्यामागं कारण असतं. जुनं गवत निबार होतं, जनावर तोंड लावत नाही. जाळलं की पावसात कोवळं, दाट येतं असं आमचे म्हातारे सांगत आलेत. गोचीड कमी होतात असंही म्हणतात. फिरायला आलेल्यांच्या सिगारेटीनं लागलेली आगही आमच्याच नावावर खपते.

सडा_आणि_वारा
वाडीवरचे दादा, तुमचं बोलणं रास्त आहे. तुमच्यावर बोट ठेवायचं नव्हतं. पण एक विचारू? गवत वाळायच्या आत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून गंजी लावली तर निबार गवत उरतच नाही आणि उन्हाळ्यात वैरण विकत घ्यायला नको. तुमच्याकडं अडचण कापणीच्या मजुरीची आहे का?

वाडीवरचा
तीच अडचण. पोरं सगळी कारखान्यात आणि शहरात. आमचं घरचं गवत आम्ही कापतो, पठारावरचं कोण कापणार? जाळपट्टा काढला तर मात्र आग आवरते. थंडीच्या सुरुवातीला वाडीच्या बाजूनं दोन माणसांच्या रुंदीचा पट्टा कापून, जपून जाळायचा, म्हणजे पुढं आग आली तरी तिथं थांबते. पूर्वी गावानं मिळून काढायचे.

सडा_आणि_वारा
या वर्षी काढूया का? शहरातून माणसं मी आणतो. कोयते आणि रीत तुमची.

वाडीवरचा
या. भाकरी आमच्याकडं.

जुनी_पेठ
आमची पोरं पण येतील. श्रमदानाची सवय आहेच.

नाद_खुळा
मी पण. बाकी भोवत्याचा फोटो घ्यायचाय, मुक्कामाची नेमकी जागा कुणी सांगेल का? ड्रोन आहे माझ्याकडं, वरून थवा दिसला तर झकास येईल.

सडा_आणि_वारा
जागा सांगणार नाही, आणि ड्रोन तर मुळीच नको. राग मानू नका.

नाद_खुळा
राग नाही, पण फोटो बघूनच लोकांना पक्ष्यांची गोडी लागते. लांबून उडवलं तर काय बिघडतं?

पाणथळ
बिघडतं. भोवत्याला वरून येणारी कुठलीही वस्तू गरुड वाटते. सांजेला एकदा उठवला की अंधारात दुसरी जागा शोधावी लागते. तळ्यावरही तेच. पाणकणसावर दलदली भोवत्या आला की वारकऱ्यांचा अख्खा कळप दाटीनं गोळा होतो, पाणी उडवतो. तुमचं ड्रोन गेलं की तीच धावपळ, आणि ती दिवसातून चारदा झाली की खाणं राहून जातं. मार्चमध्ये परत निघायच्या आधी या पक्ष्यांना अंगावर चरबी चढवायची असते, त्याच जोरावर हजारो किलोमीटर जायचं असतं. मोबाईलवर आवाज लावून पक्षी बाहेर काढण्याचंही तेच.

तुमचं थापट्यांचं वर्णन याच धाग्यात आहे. ते काठावर बसून, हालचाल न करता मिळालं ना? तसेच फोटो काढा. त्यानंही गोडी लागते, इथं मैनाताईंना लागलीच.

नाद_खुळा
पटलं सर. ड्रोन घरी. जाळपट्ट्याला येतो तेव्हा लांबून दुर्बिणीतून बघेन.

माळावरची_मैना
दुर्बिणीचं कुणीच सांगितलं नाही.

पाणथळ
८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तसा उजेड जास्त, पहाटेला उपयोग होतो. १० बाय ५० च्या मोहात पडू नका, जड होते आणि हात हलला की पक्षीही हलतो. पाचवीतल्या मुलाला ८ बाय ३२ हलकी पडेल. भिंगावर बोटं लावू नयेत आणि पट्टा गळ्यात अडकवल्याशिवाय हातात घेऊ नये, हे पहिल्या दिवशीच शिकवा. सूर्याकडं दुर्बीण धरायची नाही, हे त्याहून आधी.

पुणेकर_झालेला_कोल्हापुरी
सर, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते म्हणतात. त्यात साध्या माणसाला भाग घेता येतो का? मी संक्रांतीला गावी येतोय.

पाणथळ
येतो की. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि ती स्वयंसेवकांच्याच बळावर चालते. एक तलाव धरायचा, ठरावीक जागांवरून मोजायचं, तेच पक्षी दोनदा मोजले जाऊ नयेत म्हणून एकाच दिशेनं पुढं सरकायचं. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढा तुकडा नजरेत धरायचा आणि तसे किती तुकडे होतात ते बघायचं. ओळख पटली नाही तर "बदक, अनोळखी" असं लिहायचं, अंदाजानं नाव टाकायचं नाही.

आपल्या छोट्या तलावांची अशी वर्षानुवर्षांची नोंद फार कमी आहे. महाराष्ट्रात रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) तीनच, नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. मोठ्या नावाच्या जागांकडं लक्ष जातं, कळंबा-वडणगे-अतिग्र्याकडं जात नाही. तिथं उद्या काठ भरायला घेतला तर "इथं पक्षी येत होते" हे सांगायला कागद लागतो. मोबाईलवर ईबर्ड या पक्षीनोंदीच्या अ‍ॅपमध्ये तारखेसह यादी टाकलीत तरी तो कागद तयार होतो.

रंकाळाफेरी
रंकाळा माझ्याकडं. रोज जातोच, मोजत जाईन.

ऊसपट्टा
आमच्याकडच्या नदीकाठाची जबाबदारी माझी.

करवीरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचून असं ठरवलंय की जानेवारीतला रविवार, कळंबा, वरचं टोक. पण तिथं आईला उतरता येईल का? आणि किती वाजता पोचावं?

नाद_खुळा
ताई, वरच्या टोकाला पायवाट खाचखळग्यांची आहे. आईंना बांधावर बसवा, तिथून वारकरी, टिबुकल्या, नदी सुरय बघत ऊन खात बसता येईल. तुम्ही आणि भाचा काठानं थोडं पुढं चाला. सूर्योदयाआधी पोचा, नऊनंतर फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढते आणि बदकं आत सरकतात. भडक रंगाचे कपडे नकोत. मी त्या रविवारी असेन, थापटे कुठं आहेत ते दाखवतो.

पाणथळ
आणि भाच्याला वही-पेन्सिल द्या. फोटोपेक्षा चित्र काढायला लावा, वेडंवाकडं चालेल. चोच लांब की आखूड, पायाचा रंग कुठला, शेपूट हलवतो का, एवढं टिपलं की नाव आपोआप सापडतं.

आजऱ्याची_मंदा
धागा छान चाललाय म्हणून मध्येच विचारते. आमच्या परसात धुण्याच्या दगडापाशी दिवाळीपासून एक पक्षी रोज येतोय. चिमणीपेक्षा जरासा मोठा, मातकट तपकिरी, शेपूट मात्र विटकरी. बसला की शेपूट सारखी थरथरवतो आणि मान झुकवतो. माणसाला फार घाबरत नाही. कोण असेल?

माळावरची_मैना
धोबी असेल का? तोही शेपूट हलवतो.

आजऱ्याची_मंदा
नाही, धोबी मला माहीत आहे. तो वर-खाली हलवतो आणि तुरुतुरु चालतो. हा उड्या मारतो.

पाणथळ
मंदाताई, कृष्ण थिरथिरा, मादी. नर असता तर अंग काळं आणि पोट विटकरी दिसलं असतं. हिमालय आणि त्यापलीकडून येतात. पडक्या भिंती, गच्च्या, परस, दगडांचे ढीग ही त्यांची आवडती ठिकाणं. पाण्याशी संबंध नाही, धुण्याच्या दगडापाशी मुंग्या-किडे मिळतात म्हणून येत असेल. एकदा जागा धरली की थंडीभर तीच राखते, दुसरी थिरथिरा आली तर हुसकावून लावते. मार्च संपेपर्यंत दिसेल. कुठल्या तारखेला शेवटची दिसली ते मात्र लिहून ठेवा.

आजऱ्याची_मंदा
लिहिते. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारीच लिहिते, म्हणजे चुकणार नाही.